पणजोबांचं नाव टाकलं, काहीच आलं नाही

पत्र

"काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. घरात एक टिनाची पेटी आहे, तिच्यात तीन पदकं अन् एक जीर्ण कागद. कागदावर '2 महार' एवढंच वाचता येतं. आजीचे ते सासरे. आजी म्हणते, 'बुढा बर्माले गेल्ता, तिकडं लय पानी अन् जवा होत्या म्हने.' (जवा म्हणजे जळवा.) याच्यापलीकडं घरात कोणाला काही माहीत नाही. लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियमची वेबसाइट मी बरेच दिवस मोबाइलवर पाहते आहे. ऑनलाइन प्रदर्शनं चाळली, बर्माच्या लढाईबद्दलही वाचलं. सगळीकडं गोरे अधिकारी, आपली माणसं कोपऱ्यात. पणजोबांचं नाव टाकलं तर काहीच आलं नाही. मग त्यांची नोंदच नाही का? की मी भलत्याच जागी वेळ घालवते आहे? 26 जानेवारीला शाळेत मुलांना काहीतरी दाखव, असं गावातले गुरुजी म्हणाले आहेत. त्या साइटवरचे फोटो वापरले तर चालतात का? आणि नागपूरचा एक जण बाबांकडे पदकं विकत मागतो आहे. त्याला काय सांगावं?"

उत्तर

नाव टाकून काही आलं नाही, म्हणजे नोंद नाही असं समजू नकोस. संग्रहालयाची यादी वस्तूंची असते, माणसांची नसते. 1944 मध्ये एखाद्या सरकारी फोटोग्राफरने बर्मातल्या आराकानच्या चिखलात फोटो काढला, की सोबतच्या चिठ्ठीवर तो जागा लिहायचा, तारीख लिहायचा, माहीत असेल तर पलटणीचं नाव लिहायचा. मगात चहा घेऊन उकिडवा बसलेल्या शिपायाला 'बाबा रे, तुझं नाव काय, गाव कोणतं' असं विचारायची गरज त्याला सहसा वाटली नाही. शेजारी उभ्या असलेल्या साहेबाचं नाव मात्र अचूक स्पेलिंगसकट. तीच चिठ्ठी पुढे कॉम्प्युटरवर चढली. आज तू नाव टाकतेस तेव्हा शोध त्या चिठ्ठ्यांमध्ये चालतो. तेव्हा जे लिहिलंच गेलं नाही, ते आता कुठून निघणार?

म्हणून सध्या नाव बाजूला ठेव. नंबर, पलटण, जागा आणि साल एवढं हाती आलं की मग त्या साइटवर जा. आणि हे सगळं गोळा करायला आधी घरची पेटी उघडावी लागेल.

पदकं दिवसाउजेडी खिडकीपाशी आण. ती चमकवायच्या भानगडीत पडू नकोस. चिंच, राख, पितांबरी यातलं काहीही घासलं की ठोकलेली अक्षरं झिजतात, आणि आपल्याला तर नेमकी तीच हवी आहेत. तीनपैकी दोन पदकं सहा टोकांचे तारे असावेत असा माझा अंदाज आहे. या ताऱ्यांवर मधोमध राजाची मुद्रा असते आणि तिच्याभोवतीच्या कड्यावर ताऱ्याचं नाव इंग्रजीत लिहिलेलं असतं. एकावर '1939-1945 स्टार' असेल. दुसऱ्यावर 'बर्मा स्टार' निघाला तर आजीच्या 'बर्माले गेल्ता'ला कागदोपत्री पुरावा मिळाला असं समज, कारण त्या आघाडीवर गेल्याशिवाय तो मिळत नसे. फीत उरली असेल तर तिचे रंगही पाहा. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्हीकडच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. तिसरं पदक गोल असेल. त्याच्या एका अंगाला सहाव्या जॉर्जचा चेहरा असतो. उलटून पाहा. ड्रॅगनवर पाय रोवून उभा असलेला सिंह दिसला तर ते वॉर मेडल, आणि भारताचा नकाशा दिसला तर ते इंडिया सर्व्हिस मेडल. हे दुसरं आघाडीपेक्षा देशातल्या नोकरीबद्दलचं पदक आहे.

आता खरं काम. ब्रिटिश सैनिकांना हे तारे आणि हे वॉर मेडल कोरंच मिळालं, नावगाव काही नाही. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुतेक वेळा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून दिलेली असे. गोल पदकाची कड आणि ताऱ्याची पाठ नीट तपास. भिंग नसलं तरी चालेल. खोलीत अंधार कर, टॉर्च अगदी तिरपी धर आणि मोबाइलने जवळून फोटो काढ. सरळ उजेडात सपाट दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. कागदाचंही तसंच कर. त्याची घडी जोरात उलगडू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात करू नकोस. सेवा केंद्रात स्कॅनर असेल तर तिथे सपाट ठेवून रंगीत स्कॅन काढून घे. नंबर सापडला की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. नाव इंग्रजीत कसं लिहिलंय तेही जसंच्या तसं उतरवून घे. भरतीच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आडनाव कित्येकदा गाळलं. तू आज तुझं नाव ज्या स्पेलिंगने लिहितेस त्याचा इथे काही उपयोग नाही.

नागपूरच्या माणसाचा विषय इथेच संपवू. हे तारे लाखो लोकांना दिले गेले, त्यामुळे धातू म्हणून किंवा दुर्मीळ वस्तू म्हणून त्यांना मोठी किंमत नाही. संग्राहकाला रस असतो तो त्यावरच्या नावानंबरात. म्हणजे त्याला जे हवंय तेच तुझ्या घराला हवंय. आधी नंबर वाचू द्या, मग बोलू, एवढं बाबांनी त्याला सांगावं. हे ऐकून तो घाई करू लागला तर काय ते समजून घ्या. पैशाची खरोखरच निकड असेल तर तो घरातल्यांचा निर्णय आहे, दुरून मी त्यात बोलणार नाही. पण विकायचंच ठरलं तर प्रत्येक पदकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घेतल्याशिवाय हातातून जाऊ देऊ नका.

कागदावरच्या '2 महार'कडे तू घाईने पाहिलंस असं वाटतं. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली होती. 1921 मध्ये ती मोडली आणि त्यानंतर वीस वर्षं महार समाजाची स्वतंत्र पलटण सैन्यात नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. जुलै 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण, म्हणजे तुझ्या पणजोबांची, जानेवारी 1942 मध्ये उभी राहिली ती आपल्या कामठीला. भरतीच्या वेळी दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या लाइनने नागपूर आणि पुढे कामठी असा त्यांचा रस्ता असणार. ही पलटण काही काळ देशातच बंदोबस्ताला होती, मग ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली आणि युद्ध संपल्यावर इराकमध्येही राहिली. तेव्हा आजीजवळ 'बसरा', 'बगदाद', 'खजूर', 'वाळू' असे शब्द सहज टाकून पाहा. ऐकलेलं एखादं नाव डोक्यात खोल पडून असतं आणि कोणी विचारलं नाही म्हणून वर येत नाही. 1946 मध्ये या रेजिमेंटची मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचं केंद्र कामठीला आलं. आज ते केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता वेबसाइट. तू जे पाहिलंस ती तिची दर्शनी बाजू. ऑनलाइन प्रदर्शन म्हणजे तिथल्या जाणकारांनी आपल्या भांडारातून मोजक्या वस्तू उचलून, त्यांच्या भोवती एक गोष्ट गुंफून लावलेली मांडणी. ती मुख्यतः तिथल्या शाळकरी मुलांसाठी आणि तिथल्या वाचकांसाठी असते. त्यांच्या गोष्टीत त्यांचे आजोबा पुढे असणार. तुझी तक्रार मात्र रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते, आणि बर्मा जिंकून घेणाऱ्या चौदाव्या सैन्यात तर भारतीयच बहुसंख्य होते. त्यांना कोपरा देणं हा मांडणी करणाऱ्यांचा निर्णय आहे, आणि असा निर्णय बदलतोही. या संग्रहालयाचीच गंमत ऐक. 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असतानाच ते स्थापन झालं तेव्हा त्याचं नाव 'नॅशनल वॉर म्युझियम' ठरलं होतं. भारत आणि इतर वसाहतींसाठी नेमलेल्या समितीने आग्रह धरला म्हणून त्याचं 'इम्पिरिअल' झालं. म्हणजे नावातच आपण आहोत. (1936 पासून ते ज्या इमारतीत आहे ती पूर्वी बेथलेम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळाची होती. यावर मी काही बोलत नाही.)

तुझ्या कामाचा भाग आहे त्याच साइटवरचा 'कलेक्शन्स'चा शोध. तिथे भांडारातल्या वस्तूंची यादी आहे. फोटो, फिल्म, चित्रं, ध्वनिमुद्रित मुलाखती, खासगी कागदपत्रं, गणवेश, बिल्ले, सगळं वेगवेगळं गाळून पाहता येतं. 'महार रेजिमेंट' टाकून सुरुवात कर, पण फार काही येईल अशी आशा धरू नकोस. मोठ्या लढायांतल्या पलटणींमागे फोटोग्राफर होते, बंदोबस्तावरच्या पलटणींमागे फारसं कोणी नव्हतं. मग परीघ वाढव. 'इंडियन आर्मी बर्मा' आणि साल टाक, फक्त फोटो ठेव. कागदावरून किंवा आजीकडून एखादं ठिकाण मिळालं तर तेही टाक: इम्फाळ, कोहिमा, आराकान, टिड्डिम, मंडाले, रंगून. गावांची नावं तेव्हाच्या स्पेलिंगने टाकायची. तुझ्या पणजोबांचा फोटो नाही सापडला तरी ते ज्या रस्त्यावरून चालले, ज्या पुलावरून ट्रक गेले, ज्या पावसात तंबू पडले, ते सापडेल. मला विचारशील तर खरा शोध हाच आहे. आपल्या माणसाचा चेहराच हवा असा हट्ट धरणारे लोक दोन दिवसांत कंटाळतात.

फोटोंच्या नंबरात एक खूण आहे. 'आय-एन-डी'ने सुरू होणारे नंबर भारतातल्या सरकारी प्रसिद्धी खात्याच्या फोटोग्राफरांचे, 'एस-ई'ने सुरू होणारे आग्नेय आशियाच्या आघाडीवरचे, 'क्यू'ने सुरू होणारे पहिल्या महायुद्धातले. तुला यातले पहिल्या दोन प्रकारांचे हवेत. फोटो उघडल्यावर चित्र पाहण्याआधी खालची ओळ वाच, ती बहुधा त्या काळचीच असते. ती सरकारी प्रसिद्धीसाठी लिहिलेली आहे हे विसरू नकोस. तिच्यात शिपाई नेहमी हसरे आणि खुशीत असतात. जवा, मलेरिया, तीन महिने न आलेलं पत्र यातलं काही त्या ओळीत येत नाही. कागदावर जे नाही ते आजीच्या एका वाक्यात आहे, म्हणून तर मी दोन्ही सोबत ठेवायला सांगतो आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय मोड. त्यात नंबर कापला जातो आणि मग तो फोटो पुन्हा सापडत नाही. आवडलेल्या प्रत्येक फोटोचा नंबर, तारीख आणि खालची ओळ वहीत लिही, नंतर फोटो उतरवून घे. गावात नेट रडतं हे मला माहीत आहे. पहाटे बरं चालतं. फिल्म आणि मुलाखती डेटा खातात, त्या दारव्ह्याला किंवा यवतमाळला गेलीस की वायफायवर ऐक.

मुलाखतींबद्दल एक सांगतो. या संग्रहालयाकडे सैनिकांच्या ध्वनिमुद्रित आठवणींचा फार मोठा साठा आहे आणि त्यातल्या बऱ्याच साइटवर ऐकता येतात. लांबलचक मुलाखतीची रिळांप्रमाणे अनुक्रमणिका दिलेली असते. ती वाचून हवं ते रीळ उघडावं, सगळं ऐकत बसू नये. बर्मातल्या भारतीय पलटणींबद्दल बोलणारे तिथे मुख्यतः त्यांचे ब्रिटिश अधिकारी आहेत. ते शिपायांबद्दल आपुलकीने बोलतात, कधी बापाच्या थाटात बोलतात, आणि शिपाई स्वतः बोलत नाही. तरीही ऐक. जेवणात काय असायचं, पावसाळ्यात रसद कशी यायची, विमानातून पोती कशी टाकायचे, असले तपशील त्यात मिळतात.

दुसरी साइट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. हीसुद्धा 1917 मध्येच स्थापन झालेली संस्था आहे आणि इथे मात्र यादी माणसांची आहे: दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे 17 लाख स्त्री-पुरुषांची. फक्त मेलेल्यांची, हे नीट लक्षात घे. तुझे पणजोबा परत आले, संसार केला, म्हणून ते तिथे नाहीत, आणि नसणंच बरं. फरक कळावा म्हणून दोन नावं सांगतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी लढताना पडले. त्यांचं नाव शोधलंस तर इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर सापडेल. शिपाई नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि ते जिवंत घरी आले. म्हणून त्या यादीत ते मिळणार नाहीत.

पण या साइटचा तुझ्या गावाला वेगळा उपयोग आहे. कित्येक नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा' अशी जास्तीची माहिती दिलेली असते आणि तिच्यातही शोध घेता येतो. तिथे जिल्ह्याचं नाव जुन्या स्पेलिंगने टाक. यवतमाळसाठी वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, अमरावतीसाठी ए-एम-आर-ए-ओ-टी-आय, चंद्रपूरसाठी नुसतं 'चांदा', आणि वऱ्हाडासाठी 'बेरार'ही टाकून पाहा. ब्रह्मदेशात ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते माहीत नाही, अशा जवळपास 27 हजार जणांची नावं रंगूनजवळच्या स्मारकावर आहेत. त्यात तुझ्या तालुक्यातलं कोणी निघालं तर त्याच्या घरच्यांना ते ठाऊक असेलच असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 मध्ये झालं. त्याची साइटही चांगली आहे, पण तिथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची. या शोधात तिचा उपयोग नाही.

आता थोडं विषयांतर करतो, कारण गुरुजींच्या मुलांसाठी हे पणजोबांइतकंच कामाचं आहे. लंडनमध्येच नॅशनल आर्मी म्युझियम आहे. 1947 पर्यंतच्या भारतीय सैन्याच्या वस्तूही त्याच्याकडे आहेत आणि त्याचंही भांडार ऑनलाइन पाहता येतं. तिथे ए-आर-जी-ए-यू-एम टाक. हे म्हणजे अकोला जिल्ह्यातलं आपलं अडगाव. 29 नोव्हेंबर 1803 रोजी इथल्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची आणि त्यांच्या जोडीच्या शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीविरुद्ध उभी राहिली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मग जी-ए-डब्ल्यू-आय-एल-जी-एच-यू-आर टाक. हा चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, जिथे सहलीला जाऊन पोरं भिंतींवर नावं कोरतात. अडगावानंतर सोळा दिवसांनी, 15 डिसेंबरला, तो पडला. वेलस्लीच्या जोडीच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरांतून तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, भिंत फोडली, आणि आतल्या किल्ल्याची भिंत शिड्या लावून चढली. किल्लेदार बेनीसिंग आत लढताना मेला. दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांशी तह झाला आणि महिनाअखेर, 30 डिसेंबरला, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला. अंजनगाव सुर्जीची मुलं रोज ज्या बसस्टँडवर उतरतात, त्या गावाचं नाव जगभरच्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे, आणि आपल्याकडे ते पानाच्या मळ्यांसाठी माहीत.

याच लढायांचं एक पदक आहे, 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या चांदीच्या पट्ट्या लावत. अर्गॉम, गाविलघर, सीताबल्डी, नागपूर अशा पट्ट्या आहेत त्यात. पण ते पदक द्यायचं ठरलं 1851 मध्ये, आणि तोवर जे जिवंत होते त्यांनाच मिळालं. अडगावला 1803 मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई तेव्हा सत्तरीच्या घरात. साहेबांना पेन्शन, डॉक्टर आणि अर्ज लिहून देणारे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी शिपायांपैकी ते किती कमी जणांच्या छातीवर लागलं असेल याचा विचार मुलांना करायला सांग. आणि पलीकडच्या बाजूने, भोसल्यांकडून लढलेल्यांसाठी तर पदक कोणी पाडलंच नाही.

आता परत घरी. वेबसाइट उद्याही तिथेच असणार आहे, म्हणून आजी आधी. मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून तिच्यासमोर तीन पदकं ठेव. 'सांग' म्हणू नकोस, तिला हातात घेऊ दे. 'हे कुठं ठेवायचे ते? कोणत्या दिवशी घालायचे? बाजारात घालून जात का?' असे छोटे प्रश्न विचार. सैन्याची गोष्ट न सांगता येणारी बाई सासऱ्याच्या सवयी तासभर सांगू शकते: पहाटे किती वाजता उठायचे, ताट कसं घासायचे, भात खायचे की नाही, रात्री झोपेत काय बोलायचे. उतरवून काढताना तिचं बोलणं वऱ्हाडीतच लिही. 'ते ब्रह्मदेशात गेले होते' असं साफसूफ केलंस तर बुढा त्यातून निघून जाईल. तारीख, ठिकाण, तिचं वय वर लिहून ठेव. संग्रहालयं मुलाखतींवर हेच लिहितात.

नंबर हाती आला की सागरच्या महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठव. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन ये. पत्ता, अर्जाची पद्धत, नातं दाखवायला कोणते कागद लागतील ते तिथे कळेल. पत्र एका पानाचं असू दे. नंबर, नाव जसं कोरलंय तसं, पलटण, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं आणि सैन्यातून सुटल्याचं अंदाजे साल, आणि शेवटी तुला काय हवंय ते: सेवेचा तपशील. मूळ कागद पाठवू नकोस, झेरॉक्स लाव. उत्तराला वेळ लागतो. एक स्मरणपत्र पाठवायला संकोच करू नकोस. लंडनच्या संग्रहालयाला काही विचारायचं असेल तर तेही असंच थोडक्यात विचार, फक्त 'माझे पणजोबा तुमच्याकडे आहेत का' असं विचारू नकोस. 'जानेवारी 1942 मध्ये कामठीला उभ्या राहिलेल्या 2 महारचे बर्मातले फोटो किंवा कागद तुमच्याकडे आहेत का' असं विचार. पहिल्या प्रश्नाला दोन ओळींचं सौजन्य मिळेल, दुसऱ्याला माहिती.

राहिला शाळेचा कार्यक्रम. फोटो वापरायची अट प्रत्येक फोटोच्या पानावर लिहिलेली असते, ती वाच. वर्गात, पैसे न घेता, संग्रहालयाचं नाव आणि नंबर लिहून दाखवायला सहसा अडचण नसते. तोच फोटो कोणा पुढाऱ्याच्या बॅनरवर किंवा विक्रीच्या कॅलेंडरवर गेला तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, त्याला परवानगी लागते. गुरुजी उत्साहात फलक छापायला निघाले तर त्यांना एवढं सांग.

वीस-पंचवीस फोटो दाखवू नकोस, मुलं कंटाळतात. तीन पुरे. एक अडगाव किंवा गाविलगडाचा. एक बर्मातला, ज्यात शिपाई आहेत आणि खालच्या ओळीत फक्त साहेबाचं नाव आहे. ती ओळ मुलांना मोठ्याने वाचायला लाव आणि फोटोत किती माणसं आहेत ते मोजायला लाव, बाकी तुला काही बोलावं लागणार नाही. तिसरा तुझ्या पणजोबांच्या पदकाच्या कडेचा, तिरप्या टॉर्चमध्ये काढलेला. पदकं स्वतः नेलीस तर स्वच्छ सुती कापडावर ठेव आणि हातात देताना कडेने धरायला शिकव. नेटवर विसंबू नकोस, सगळं आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेव. प्रोजेक्टर नसेल तर सेवा केंद्रातून मोठ्या कागदावर प्रिंट काढ आणि प्रत्येकीखाली संग्रहालयाचं नाव आणि फोटोचा नंबर पेनाने लिही, म्हणजे पुढच्या वर्षी गुरुजींना किंवा दुसऱ्या कोणाला तो शोधून काढता येईल.